सावली सर्वांत आखूड कधी?

दुपारी बाराच्या ठोक्याला सावली सर्वांत आखूड असते, असं बहुतेकजण छातीठोकपणे सांगतील. पुण्यात तसं वर्षातल्या एकाही दिवशी घडत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथला खरा मध्यान्ह १२.१८ ला येतो, फेब्रुवारीच्या मध्याकडे चक्क १२.४९ ला. आपली घड्याळं चालतात मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्तावर, आणि पुणं त्याच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून थोडं जास्त. अंशाला चार मिनिटं धरली की पस्तीसेक मिनिटं झाली. उरलेला चढउतार पृथ्वीच्या कललेल्या आसाचा आणि लंबवर्तुळाकार कक्षेचा.

पुण्याजवळच्या एका शाळेत विज्ञानाच्या बाई हे मैदानावर करून घेतात, २२ डिसेंबरला. तारीख विचार करून धरलेली. आकाश स्वच्छ असतं, आणि या दिवसांत सूर्य दक्षिणोत्तर जवळजवळ सरकत नाही, त्यामुळे मध्यान्हाआधीची आणि नंतरची सावली जुळून येते. ज्या दिवशी सावली पूर्ण गायब होते तो ‘शून्य सावली दिवस’ पुण्याला वर्षातून दोनदा मिळतो खरा, पण एक मेच्या सुटीत आणि दुसरा जुलैअखेरच्या ढगांत!

सामान म्हणजे मीटरभर सरळ काठी, गवंड्याकडून मागून आणलेला ओळंबा नि पाणसळ, सुतळी, खडू. बराच वेळ काठी उभी करण्यातच जातो. ओळंबा एका बाजूने जुळला की दुसऱ्या बाजूने काठी कललेली निघते.

पहिलं भांडण सावलीच्या टोकावरून. वाकून पाहिलं तर टोक असं नसतंच. गडद भाग संपून दीड-एक सेंटीमीटर नुसता करडा पट्टा. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात अर्ध्या अंशाची थाळी आहे, आणि तिची वरची नि खालची कड आपापली वेगळी सावली पाडते. मग काठीच्या टोकावर बारीक भोक पाडलेला पुठ्ठा बसवतात. जमिनीवर पुठ्ठ्याच्या सावलीत एक उजळ, किंचित लांबट ठिपका पडतो. भोक वेडंवाकडं असलं तरी ठिपका तसाच, कारण ते सूर्याचं चित्र असतं. त्याच्या मध्यावर खडूची खूण.

दुसरी अडचण जास्त मजेशीर. ‘सर्वांत आखूड सावलीची वेळ नोंदवा’ असं सांगणं सोपं आहे. प्रत्यक्षात मध्यान्हाच्या आधी आणि नंतर दहा-दहा मिनिटांत मीटरभर काठीच्या सावलीची लांबी जेमतेम दोन मिलिमीटर बदलते. मोजपट्टी धरून बसलेल्या मुलाला ती हललेली कळणार तरी कशी? इथे जुनी युक्ती कामाला येते. काठीभोवती मीटरभर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. सावली त्याला एकदा आत येताना शिवते, एकदा बाहेर जाताना. पहिली खूण ११.२६ ला, दुसरी १.४० ला. दोन्हींचा मध्य १२.३३. शिवाय दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. कात्यायन शुल्बसूत्रात हीच रीत आहे.

आता कोन. मध्यान्हाची सावली ९० सेंटीमीटर. वहीत दहा सेंटीमीटरची काठी नि नऊची सावली काढून कोनमापक लावला की सूर्य डोक्यावरून ४२ अंश ढळलेला दिसतो. त्यातून त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला असतो ते साडेतेवीस अंश वजा केले की उरतात साडेअठरा. पुण्याचा अक्षांश!

याच दिवशी कोल्हापूरला सावली ८४ भरते, जळगावला ९८. अक्षांशांतला फरक ४.३ अंश, आणि नकाशावर दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४८० किलोमीटर. प्राचीन काळी इराटोस्थेनिसने सायीन आणि अलेक्झांड्रिया या दोन शहरांच्या जोरावर पृथ्वी मोजली, तेच गणित इथे बसतं. पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास येतो. पण एका ठिकाणी सेंटीमीटरची चूक झाली, तरी कोन ०.३ अंशाने हुकतो आणि पृथ्वी तीनएक हजार किलोमीटरने फुगते किंवा आकसते.

“मग काठी दोन मीटरची घेऊ या की, बाई,” एक मुलगी म्हणाली. पट्टीची चूक त्याने निम्मी होईल, हे खरंच. बाईंनी विचारलं, “आणि तो करडा पट्टा?”

“तोही दुप्पट.”