संगणकावरील प्रत्येक इशारा खरा नसतो

‘तुमच्या संगणकात पाच विषाणू आढळले’, ‘सुरक्षा प्रणालीची मुदत आज संपत आहे’ अशा चौकटी पडद्याच्या कोपऱ्यात वारंवार उमटू लागल्या की वापरकर्ता धास्तावतो. प्रत्यक्षात असे इशारे अनेकदा संगणकाचे नसतातच. एखाद्या संकेतस्थळाला नकळत दिलेल्या परवानगीतून ते येत असतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, सौंसरजवळ मोहगाव आहे. या पट्ट्यात घरची भाषा मराठी, सरकारी कामकाज हिंदीत आणि संगणकाचा पडदा बहुधा इंग्रजीत. परीक्षेचा निकाल, जमिनीचा उतारा किंवा संत्र्याचा बाजारभाव शोधताना एखादे अनोळखी पान उघडते आणि ‘पुढे जाण्यासाठी ॲलाऊ दाबा’ असे सांगते. घाईत कळ दाबली जाते. पुढे ते पान बंद केले तरी परवानगी कायम राहते. गोव्यातील घरांत आणि कार्यालयांतही फसगत होते ती याच मार्गाने.

संकेतस्थळांना अशा सूचना पाठवण्याची सोय क्रोममध्ये २०१५ पासून आहे. बातम्या वा टपालाची वर्दी मिळावी, हा तिचा मूळ हेतू. फसवे जाहिरातदार मात्र तिचा वापर विषाणूरोधक प्रणालीचे चिन्ह मिरवण्यासाठी करतात.

म्हणून प्रथम सूचनेवरील नाव वाचावे. तेथे क्रोम वा एज या ब्राउझरचे नाव आणि सोबत अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता असेल, तर तो इशारा संगणकाचा नव्हे. चौकटीतील मजकुरावर क्लिक न करता ती बंद करावी. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज आणि नोटिफिकेशन्स या क्रमाने गेल्यास परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी दिसते. अनोळखी नावापुढील तीन ठिपके दाबून ‘ब्लॉक’ निवडावे. केवळ ‘रिमूव्ह’ केल्यास तेच संकेतस्थळ पुन्हा परवानगी मागू शकते. एजमध्येही साइटच्या परवानग्यांत अशीच यादी असते.

त्यानंतरही सूचना थांबल्या नाहीत, तर ब्राउझरमधील अनोळखी एक्स्टेन्शन काढावे, नको असलेले ॲप विस्थापित करावे आणि विंडोज सिक्युरिटीद्वारे संपूर्ण तपासणी करावी. सर्वच सूचना बंद करणे मात्र हिताचे नाही. त्यामुळे खरा इशाराही दिसेनासा होतो.

खरा धोका चौकटीतील दूरध्वनी क्रमांकात आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही दूरध्वनी क्रमांक नसतो. त्या क्रमांकावर फोन केल्यास समोरची व्यक्ती ‘दुरुस्ती’साठी संगणकाचा दूरस्थ ताबा मागते आणि तेथून बँक खात्यापर्यंत पोहोचते. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘ऑपरेशन चक्र-२’ अंतर्गत देशभर छापे घातले, तेव्हा तांत्रिक मदतीच्या नावाखाली चालणारी बनावट कॉल सेंटरेही त्यांच्या रोखात होती.

ताबा दिला गेलाच असेल, तर इंटरनेट तत्काळ तोडावे, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलावेत आणि बँकेला कळवावे. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता अधिक.