बनारसमध्ये जुनी बुलेट का पाळावी?

खरं सांगायचं तर ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडच्या मराठी वस्तीतल्या गल्ल्यांसाठी स्कूटरच बरी. समोरून खरा नंदी आला की त्या बोळात बुलेट मागे ढकलणं म्हणजे व्यायामच! तरीही मी जुन्या बुलेट ३५० च्याच बाजूचा.

कारण तिचं इंजिन. ३४६ सीसी, सिलिंडरचा व्यास ७० मिमी, पण पिस्टनचा स्ट्रोक ९० मिमी. स्ट्रोक लांब आणि फ्लायव्हील जड, म्हणून कमी फेऱ्यांतही ओढ मिळते आणि शहरातल्या लंका भागाच्या गर्दीत गाडी न कुरकुरता रांगते. चालू करायचाही एक विधी असतो. ॲमीटरच्या काट्यावर नजर ठेवून किक हळू दाबायची, काटा मध्यावर आला की दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन जरा पुढे सरकवायचा, मग एकच पूर्ण किक. नुसती ताकद लावणाऱ्याची पोटरी सुजते. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. शिवाय न्यूट्रल शोधायला वेगळी दांडी.

१९५० च्या दशकापासून मद्रासमध्ये बनू लागलेली ही गाडी. २०२१ च्या क्लासिक ३५० मध्ये रूप तेच, पण इंजिन नवं, ३४९ सीसी. बटण दाबलं की सुरू. रोज ऑफिसला जाणाऱ्यांनी बिनधास्त तीच घ्यावी.

जुनी घेऊन महाराष्ट्रात आणणार असाल, तर बनारसच्या आरटीओची एनओसी आधी मागा. पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, तेही आरसीवर पाहा. टाकीवरच्या सोनेरी रेघा नंतर.