ज्वारीची विरी

परातीत ज्वारीचं पीठ घ्यायचं, मधोमध आळं करायचं आणि त्यात कढत पाणी ओतायचं. हात भाजतो म्हणून आधी उलथन्यानं कालवायचं, मग तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं रगडून मळायचं. मळणं कमी पडलं तर भाकरी थापताना काठाला चिरते. सोलापूरच्या घराघरांत चालणारं हे काम इतकं सवयीचं आहे की त्यातलं शास्त्र आपल्या ध्यानातही येत नाही. गहू वर्ज्य झालेल्या माणसाला मात्र ते नेमकं कळतं.

सीलिअॅक या आजारात गव्हातल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं १९४० च्या दशकात या आजाराचं नातं गव्हाशी जोडून दाखवलं. आजही त्यावर मुख्य इलाज एकच आहे : गहू, जव आणि राय जन्मभर टाळायचे. मग पावाचं काय करायचं? अनेक घरांनी त्यासाठी ब्रेड मशीन आणलं.

घरगुती ब्रेड मशीन १९८७ च्या सुमारास जपानच्या मात्सुशिता कंपनीनं बाजारात आणलं. भांड्याच्या तळाशी पातं, भोवती तापणारी तार आणि वेळ सांभाळणारं घड्याळ, एवढाच त्याचा संसार. पण हे यंत्र घडलं ते गव्हाची कणीक डोळ्यांपुढे ठेवून. ग्लूटेनमुळे कणीक ताणली जाते, यीस्टचा वायू तिच्यात अडकतो आणि पाव फुगतो. ग्लूटेन नसलं की हा वायू धरून ठेवायला काहीच उरत नाही. म्हणून तांदूळ किंवा ज्वारीच्या पिठात इसबगोल नाहीतर झँथन गम घालतात. पीठ भज्यांच्या पिठाहून थोडं घट्ट होतं. ते एकदाच घोटायचं, एकदाच फुगू द्यायचं. पुन्हा घोटलं तर गेलेला वायू परत येत नाही. भांड्याच्या कोपऱ्यांत कोरडं पीठ अडकतं, ते चमच्यानं खरवडून आत घ्यावं लागतं. आणि पाव पूर्ण निवेपर्यंत सुरी लावायची नाही, नाहीतर आतून चिकट निघतो.

ज्या चिकटपणासाठी तिथं इसबगोल लागतं, तो आपल्याकडं कढत पाणी देतं. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि कण एकमेकांना धरतात. या धरण्याला आपल्याकडं शब्द आहे : विरी. जुन्या पिठाची विरी जाते, मग ती भाकरी थापता थापता मोडते. विरी असलेल्या पिठाची भाकरी हलक्या हातानं थापून तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि पाणी सुकायच्या आत उलटायची. पुढं तिला फुगवते ती आतली वाफ. यीस्टची गरजच पडत नाही.

सोलापूरची कडक भाकरी याच्याही पुढची पायरी आहे. ती पातळ थापतात आणि फुगू देत नाहीत. मंद आचेवर कापडाच्या बोळ्यानं दाबत दाबत तिच्यातलं पाणी काढून टाकतात. ओल उरत नाही म्हणून ती महिनाभर टिकते. शेंगाचटणी आणि दह्याबरोबर तिचा मोडताना होणारा कडकड आवाज ज्यानं ऐकला, त्याला पावाची आठवण येत नाही. कर्नाटकातल्या विजयपूर-कलबुर्गीकडंही अशीच कडक जोळद रोट्टी होते. भाषेची सीमा बदलली तरी तव्यावरची कला तीच राहते.

या भाकरीमागे सोलापूरकडची काळी माती आहे. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी अजूनही रब्बीत पेरली जाते. मातीत मुरलेल्या ओलीवर ती वाढते, दाणा मोत्यासारखा टपोरा येतो आणि गुरांना कडबाही मिळतो. दुष्काळात दामाजीपंतांनी जिथली धान्याची कोठारं रयतेसाठी उघडली असं सांगतात, त्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

पण ज्वारीत ग्लूटेन नाही, एवढ्यानं ताटातली भाकरी आपोआप सुरक्षित होत नाही. गव्हाच्या पाठोपाठ त्याच गिरणीत ज्वारी दळली की जात्याला राहिलेलं गव्हाचं पीठ तिच्यात येतं. ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून विकायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसावं, असा आपल्या देशाचा नियम आहे. बाजारातल्या बहुतेक बांधणीच्या हिंगातही गव्हाचं पीठ असतं, तेव्हा पिठलं-आमटीकडंही लक्ष हवं.

घरात सीलिअॅकचा रुग्ण असेल तर ज्वारी निवडून घ्या, घरघंटी फक्त तिच्यासाठी ठेवा, परात आणि पोळपाट वेगळे करा. आणि कडक भाकरी विकणाऱ्या बचतगटांना माझी कळकळीची विनंती आहे : एक गिरणी केवळ ज्वारीसाठी राखा. तुमच्या हातची भाकरी गहू वर्ज्य असलेली पोरंही निर्धास्त खातील.