बोट किती फुटी घ्यावी? आधी तळे मोजा

अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्याने २०२४ साली वेकबोटींसाठी एक नियम केला. बोटीमागे मुद्दाम मोठी लाट उठवून तिच्यावर फळीने खेळायचे असेल, तर बोट किनाऱ्यापासून किमान ५०० फूट दूर आणि किमान २० फूट खोल पाण्यात हवी. शिवाय असे पाणी सलग ५० एकर तरी हवे. या नियमावरचा वाद किनाऱ्यावरचे घरमालक आणि बोटवाले यांच्यात रंगला. पण त्यातले तीन आकडे खरे उपयोगाचे आहेत ते नवी बोट घ्यायला निघालेल्या कुटुंबाला. मिनेसोटा, टेक्सास, जॉर्जिया अशा तळ्यांच्या राज्यांत आता मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत, आणि उन्हाळा आला की मुलांना घेऊन पाण्यावर जाण्याची हौस त्यांनाही असते. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, किती फुटी दाखवू? वीस, तेवीस की पंचवीस? माझ्या मते इथूनच हिशोब चुकायला लागतो. लाट उठते ती वजनामुळे आणि वेगामुळे. म्हणून आधी बोटीत बसणाऱ्या माणसांचे वजन, मग तळ्याची खोली आणि रुंदी, आणि या दोन्हींना पुरेल अशी सर्वांत लहान बोट, असा क्रम लावायला हवा.

वीस-एकवीस फुटी वेकबोटीचे रिकामे वजन साधारण पावणेदोन टन असते, पंचवीस फुटीचे तीन टनांच्या घरात जाते. लांबी सव्वापट झाली की सर्व बाजूंनी सारख्या वाढलेल्या वस्तूचे आकारमान जवळजवळ दुप्पट होते, हे शाळेतले गणित. बोटीचे वजन तेवढे वाढत नाही, कारण अमेरिकेतल्या हमरस्त्यांवर खास परवान्याशिवाय साडेआठ फुटांहून रुंद काही ओढून नेता येत नाही आणि ट्रेलरवरच्या बोटीची रुंदीही तिथेच अडते. पण फरक मोठाच राहतो, आणि त्यात भर पडते बॅलास्टची. मागचा भाग खोल बुडावा म्हणून या बोटींच्या पोटात पाण्याच्या टाक्या असतात: लहान बोटीत टनभर, मोठीत दीड-दोन टन पाणी मावते. म्हणजे टाक्या भरलेली पंचवीस फुटी बोट एकही माणूस न चढता पाच टनांच्या आसपास जाते. रस्त्यावरचा प्रश्न तर त्याआधीच उभा राहतो. आपल्याकडच्या अनेक कुटुंबांकडे असते तशी हायलँडर किंवा पायलट गाडी फार तर २,२७० किलो ओढते. ट्रेलर धरला तर वीस फुटी बोटच या मर्यादेला टेकते. त्याहून मोठ्या बोटीसोबत मोठी पिकअप गाडीही घ्यावी लागते, आणि तो खर्च बोटीच्या किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो.

लांबी, वेग आणि लाट यांचे नाते उलगडले विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने. रेल्वेच्या कामात प्रसिद्ध अभियंता ब्रुनेलचा सहकारी असलेला हा माणूस पुढे जहाजांकडे वळला. १८६०च्या दशकात त्याने 'स्वॉन' आणि 'रेव्हन' नावाच्या दोन प्रकारच्या प्रतिकृती बनवल्या. पहिली हंसाच्या छातीसारखी भरीव, दुसरी पुढून निमुळती. प्रत्येक प्रकाराच्या तीन, सहा आणि बारा फुटी आवृत्त्या होत्या, आणि त्या डार्ट नदीत ओढून त्याने पाण्याचा विरोध मोजला. निमुळती बोट पाणी सहज कापणार, असे तेव्हा जाणकारही समजत. प्रयोगात दिसले ते वेगळेच: सर्वांत चांगला असा एकच आकार नसतो, कोणता आकार सरस ते वेगानुसार बदलते. लहान आणि मोठ्या बोटीची तुलना करायची, तर दोघींचे वेग त्यांच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवावे लागतात, हाही नियम त्याने पक्का केला. ब्रिटिश नौदलाच्या पैशातून टॉर्की गावात घरालगतच त्याने चाचणीची टाकी उभारली, आणि १८७१ मध्ये 'ग्रेहाउंड' हे खरेखुरे जहाज दुसऱ्या जहाजाकडून ओढून घेऊन आपले गणित पडताळले. आज जहाजाचा आराखडा टाकीतल्या प्रतिकृतीवर तपासला जातो तो याच पायावर. पण एक नाव इथे घ्यायलाच हवे. लांबी आणि वेग यांचा हाच नियम फ्रेंच नौदल अभियंता फर्डिनांड रीच याने १८५२ मध्येच छापला होता. त्याने तो जहाजांच्या चाचणीपर्यंत नेला नाही, म्हणून श्रेय फ्राउडला गेले. या नियमातून येणाऱ्या अंकाला फ्राउड अंक म्हणतात, पण काही फ्रेंच ग्रंथांत आजही त्याला दोघांचे नाव जोडलेले आढळते. ते न्याय्य आहे.

फ्राउड अंक काढायचा तो असा: बोटीचा वेग भागिले, गुरुत्वत्वरण आणि पाण्यातली लांबी यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. हा अंक ०.५च्या आसपास असतो तेव्हा बोट आपणच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते आणि तिची सर्वाधिक शक्ती लाट उठवण्यात खर्ची पडते. दोरी सोडून लाटेवर तरंगण्याचा, म्हणजे वेकसर्फिंगचा वेग ताशी १७ किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाला वीस फुटी बोटीचा अंक येतो सुमारे ०.६, पंचवीस फुटीचा ०.५५. मोठी बोट त्या ०.५च्या चढाच्या अधिक जवळ राहते आणि वजनानेही भारी असते, म्हणजे लाट दोन्हीकडून वाढते. दोरीला धरून उड्या मारण्याचे वेकबोर्डिंग चालते ताशी ३०-३५ किलोमीटरने. तिथे अंक १च्या पुढे जातो, बोट पाण्यावर घसरू लागते आणि लाट तुलनेने बसते. लाटांच्या पसरण्यावरही हाच अंक चालतो. लॉर्ड केल्विनने १८८७ मध्ये दाखवले होते की खोल पाण्यात बदक पोहो किंवा जहाज जावो, मागच्या लाटांची पाचर सुमारे ३९ अंशांचीच असते. २०१३ मध्ये मार्क राबो आणि फ्रेडरिक मोआझी या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी वरून टिपलेली बोटींची छायाचित्रे मोजून दाखवले की वेगवान बोटींची पाचर अरुंद होत जाते. कुठून अरुंद व्हायला लागते, ते ठरवतो पुन्हा फ्राउड अंकच. सव्वाशे वर्षे पाठ्यपुस्तकात स्थिरावलेला कोन कुणीतरी पुन्हा मोजून पाहतो, यासारखा आनंद विज्ञानात दुसरा नाही.

आता कुटुंबाकडे येऊ. माहितीपत्रकात पंधरा-सोळा माणसांची बोट असे छापलेले असते, आणि वऱ्हाडाच्या हिशोबाने बस ठरवावी तशी मग बोट ठरते. २० फुटांहून लहान मोटरबोटीवर किती माणसे, किती वजन याची पाटी लावणे अमेरिकेत कायद्याने सक्तीचे आहे. त्याहून मोठ्या बोटींवर उत्पादक संघटनेच्या प्रमाणपत्रापोटी ती लावली जाते. सरकारी सूत्रात माणसांचा आकडा काढताना दरडोई सुमारे १४१ पौंड, म्हणजे ६४ किलो धरतात. अमेरिकेतल्या प्रौढ पुरुषाचे सरासरी वजन ९० किलोंच्या आसपास असताना हा आकडा फारच आशावादी आहे. म्हणून पाटीवरची माणसे मोजू नयेत, किलो मोजावेत. आई-वडील, आजी-आजोबा, दोन मुले आणि एक पाहुणे जोडपे धरले तर सव्वापाचशे किलो झाले. इंधन, बर्फाची पेटी, लाइफ जॅकेट, फळ्या यांचे दोनशे. झाले सव्वासातशे किलो, आणि लाटेला माणसाचे वजन आणि टाकीतले पाणी यांत काही फरक कळत नाही. घरची माणसे बसली की अर्ध्याहून अधिक बॅलास्ट भरल्यासारखेच होते. मग दोन टनांच्या टाक्या कशाला? टाक्यांतले पाणी पाटीवरच्या मर्यादेत धरले आहे की नाही, हे मात्र मालकाच्या पुस्तिकेत पाहिलेच पाहिजे.

लहान बोट टाक्या भरून मोठीसारखी लाट देते, असे विक्रेते सांगतात. ते खरे आहे, आणि धोका तिथेच आहे. वजन वाढले की पाण्याच्या वर उरणारी बोटीची कड खाली येते. बोटीमागच्या आडव्या लाटा नेमक्या बोटीच्याच वेगाने येत असतात, त्यामुळे फळीवरचा पडला म्हणून एकदम वेग सोडला की त्याच लाटा बोटीला मागून गाठतात, मागचा भाग उचलतात आणि पुढचा खाली दाबतात. पडलेल्याला घ्यायला वळावे, तर आपल्याच लाटा समोरून येतात. अशा वेळी पुढच्या बाकांवर मुलांची गर्दी असेल तर पाणी थेट आत शिरते. जॉर्जियातल्या एका तळ्यात २०१४ मध्ये असेच पाणी शिरून एक लहान मुलगा बाहेर फेकला गेला आणि प्रोपेलरखाली सापडून दगावला. पुढे खटला चालला आणि बोटीच्या रचनेवरच प्रश्न उभे राहिले. म्हणून 'सर्वांत लहान' याचा अर्थ शोरूममधली सर्वांत लहान असा घेऊ नये. घरचे सगळे वजन आणि बेताचे बॅलास्ट घेऊनही जिची कड पुरेशी वर राहते, ती लहान.

मोठी बोट खळाळत्या पाण्यात स्थिर राहते, हा आक्षेप मिशिगनसारख्या विस्तीर्ण तळ्यासाठी मला मान्य आहे. तिथे तेवीस-पंचवीस फुटी घ्यावी. पण शेदीडशे एकरांच्या तळ्यात खळबळ असते ती मुख्यतः इतर बोटींचीच. मुले मोठी होतील हाही आक्षेप रास्त, म्हणून वजन आजचे न धरता पाच वर्षांनंतरचे धरावे. मित्रपरिवार येतो, या कारणासाठी मात्र दोन टन जास्त ओढत फिरण्यात अर्थ नाही. पाहुण्यांना दोन फेऱ्यांत न्यावे. आणि शिकणाऱ्या मुलांना मोठी लाट लागतच नाही. रिकाम्या टाक्या आणि कमी वेग हेच त्यांना सोपे जाते.

राहिले तळे. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ मध्ये प्रत्यक्ष मोजणी करून सांगितले की साध्या बोटीची लाट २०० फुटांवर जेवढी उरते, तेवढी व्हायला वेकसर्फ बोटीच्या लाटेला ५०० फुटांहून अधिक अंतर लागते. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते: दुप्पट उंच लाट किनाऱ्यावर चौपट आदळते, माती सुटते, लव्हाळी उपटली जाते. मागचा भाग खाली झुकवल्याने प्रोपेलरचा झोतही तळाकडे जातो. त्याच प्रयोगशाळेने पुढे त्यासाठी २० फूट खोली सुचवली. ताशी १७ किलोमीटरला उठणाऱ्या आडव्या लाटेची लांबी सुमारे १४ मीटर भरते, आणि लाटेच्या निम्म्या लांबीहून कमी खोलीत तिला तळ जाणवू लागतो. हे गणितही २३ फुटांवर येते. शिवाय टाक्या पूर्ण रिकाम्या होत नाहीत. उरलेल्या पाण्यातून झेब्रा शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिले एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत हे शिंपले १९८८ मध्ये सापडले, आणि तेही समुद्री जहाजांच्या बॅलास्टमधूनच आले असे मानले जाते. तेव्हा टाकी जितकी मोठी, तितकी ही जबाबदारीही मोठी.

सहा-आठ माणसांच्या कुटुंबाला एकवीस-बावीस फुटी बोट पुरते, आणि बहुतेक तळ्यांना तेवढीच झेपते. दुकानात जाण्याआधी आपल्या तळ्याचा खोलीचा नकाशा पाहा. मिनेसोटात राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग तो फुकट देतो. त्यावर २० फुटांची रेषा शोधा. दोन्ही काठांपासून ५०० फूट सोडायचे, म्हणजे तळे आधी हजार फुटांहून रुंद असायला हवे. मधे उरलेल्या पट्ट्यात तेवढी खोली नसेल, तर त्या तळ्यासाठी कोणत्याच लांबीची वेकबोट घेऊ नका. दोरीमागे मुलांना ओढायला साधी बोट पुरेशी आहे.