शाल एक, मानकरी सात : संशोधक-गटाचा सन्मान कसा करावा?

मंडळाच्या मागच्या वार्षिक सभेत एक साधा प्रश्न निघाला आणि सभा तासभर लांबली. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतल्या मोडी कागदांची सूची करण्याचं काम आपले सात सभासद अकरा वर्षं दर रविवारी करत आले. त्यांचा सत्कार करायचं ठरलं. पण शाल-श्रीफळ द्यायचं कुणाला? ‘गटप्रमुखांना द्या, ते सगळ्यांच्या वतीनं घेतील,’ असं एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. तेव्हा कुणीतरी हळूच आठवण करून दिली, की सातांपैकी एक काकू गेल्या वर्षी वारल्या. सूचीतल्या निम्म्याहून अधिक नोंदी त्यांच्या अक्षरात आहेत. छापील सूचीवर मात्र त्यांचं नाव नाही. मुद्रितं मीच तपासली होती, माझ्याही ते लक्षात आलं नाही. हा लेख त्या चुकीतून लिहितो आहे.

एकट्याला पुरस्कार देणं सोपं असतं. नाव, फोटो, मानपत्र, झालं! पण पुष्कळसं ज्ञान गटानं आणि वर्षानुवर्षांच्या कष्टानं उभं राहतं. मोठमोठ्या पुरस्कारांनाही हा पेच सुटलेला नाही. नोबेलच्या नियमाप्रमाणे एक पारितोषिक जास्तीत जास्त तिघांत वाटता येतं. संस्थेला मिळू शकतं ते फक्त शांततेचं. गुरुत्वीय लहरींचा शोध २०१६ साली जाहीर झाला, त्या शोधनिबंधावर हजारभर लेखकांची नावं होती, त्यांत आपल्या पुण्याच्या ‘आयुका’तली मंडळीही होती. २०१७ चं नोबेल मात्र तिघांना मिळालं. तिघेही पात्रच होते, पण बाकीचे कुठे गेले?

‘ब्रेकथ्रू’ पुरस्कारानं याच शोधासाठी वेगळी वाट काढली. २०१६ साली त्यांनी तीस लाख डॉलर दिले. त्यांतले दहा लाख तिघा आद्य प्रवर्तकांना आणि उरलेले वीस लाख १०१२ जणांना सारखे वाटले. पुढे २०२५ साली हाच पुरस्कार जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेतल्या चार मोठ्या प्रयोग-गटांना मिळाला. मानकरी किती? सत्तरहून अधिक देशांतले तेरा हजारांवर संशोधक. इतक्या जणांत रक्कम वाटली तर हातात किती येणार! म्हणून ती सगळीच डॉक्टरेट करणाऱ्या विद्यार्थ्यांना सर्नमध्ये येऊन काम करता यावं यासाठी देऊन टाकली. थोडक्यात, दोन रीती दिसतात : वाटून घेणं, किंवा पुढच्या पिढीच्या हाती देणं.

हे सगळं फार दूरचं वाटत असेल तर आपल्या गावाकडे बघू. वाल्मीकी रामायणाची चिकित्सित आवृत्ती आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरात तयार झाली, हे आपण पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. काम १९५१ साली सुरू झालं. बालकांड १९६० साली छापून आलं आणि उत्तरकांड १९७५ साली. सात कांडांचे संपादक सहा : गो. ह. भट्ट, प. ल. वैद्य, दिवाणजी, मांकड, झाला आणि उमाकांत शाह. वैद्यांनी अयोध्या आणि युद्ध अशी दोन कांडं केली. प्रमुख संपादक आधी भट्ट होते, नंतर शाह.

ही सहा नावं पुस्तकांवर आहेत. पण चिकित्सित आवृत्ती होते कशी, ते पाहिलं की मागचे हात दिसू लागतात. एकेका श्लोकासाठी अनेक पोथ्या समोर ठेवायच्या. कुणी नेवारीत, कुणी बंगालीत, कुणी तेलुगूत, तर कुणी ग्रंथ किंवा मल्याळम लिपीत लिहिलेली. प्रत्येक पोथीतला पाठ अक्षर-अक्षर ताडून पाहायचा आणि फरक तक्त्यावर उतरवायचा. एक मात्रा चुकली तरी संपादकाचा निर्णय चुकू शकतो. हे ताडून पाहणारे पंडित आणि लेखनिक नसते तर संपादकापुढे निवडायला काहीच उरलं नसतं.

पुण्याच्या भांडारकर संस्थेतलं महाभारताचं कामही असंच, १९१९ ते १९६६. पाठ जुळवण्याची केंद्रं शांतिनिकेतनात होती, तशी तंजावरलाही. आपल्या मराठी राजांच्या सरस्वती महालाचं तंजावर! प्रमुख संपादक सुकथनकर १९४३ साली गेले. काम थांबलं नाही. बेलवलकरांनी ते पुढे नेलं आणि आपल्या रामायणातल्याच प. ल. वैद्यांनी ते शेवटास नेलं. मला वाटतं, खऱ्या गटाची ओळख हीच. प्रमुख गेला तरी काम चालू राहतं, कारण पद्धत, तक्ते आणि शिस्त सगळ्यांची असते.

एक आक्षेप सभेत आला होता, तो रास्त आहे. गटाला मान दिला की काम न करणारेही त्यात खपून जातात. त्यावर उपाय एकच : नोंदवही. कोण कधी आलं, कुणी काय केलं, कोण कधी सोडून गेलं, हे त्या-त्या वेळी लिहून ठेवायचं. दुसऱ्यांच्या घरचे दोनशे वर्षांपूर्वीचे कागद आपण वाचतो, त्यातल्या कारकुनांची नावं शोधत बसतो, आणि आपल्याच कामाची हजेरी ठेवत नाही, हे बरं नव्हे.

शेवटी सभेनं तीन गोष्टी ठरवल्या. सन्मान गटाला द्यायचा आणि मानपत्रात सातही नावं, प्रत्येकाच्या कामासह आणि वर्षांसह, घालायची. रक्कम कुणी घरी न्यायची नाही. तिच्यातून कागद ठेवायला चांगल्या पेट्या घ्यायच्या. आणि शाल काकूंच्या घरी जाऊन द्यायची.

सूचीची दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा पहिल्या पानावर नावं असतील. मुद्रितं मीच तपासणार आहे. या वेळी मात्र नोंदवही शेजारी ठेवून. तुमच्या गावच्या मंडळातही असं काम चालू असेल, तर पुरस्काराची वाट न बघता नावं आजच लिहायला घ्या.