ट्रॅक्टरचे शेडची उतरण : आधीं कड, मग काँक्रीट

शेतकरी बंधूंपैकीं अनेकांचे दारीं आतां ट्रॅक्टर उभा असतो, व त्याकरितां पत्र्याची शेड उभारून खालीं कोबा करण्याचीही चाल पडली आहे. कोबा जमिनीपासून वीतभर उंच असतो. म्हणून चाकें चढण्यासाठीं पुढें काँक्रीटची उतरण करावी लागते. काम वरवर पाहतां किरकोळ. गवंडी एका दिवसांत उरकून देतो. परंतु उतरण टिकते कीं फुटते, याचा निकाल काँक्रीट ओतण्यापूर्वीं कोब्याचे कडेस काय केलें यावर लागतो, हें आम्ही स्वतःचे नुकसानीनें शिकलों.

इ. स. २०२१ सालीं आम्हीं घाईनें अशी एक उतरण करविली. कोब्याची कड ढासळलेलीच होती. गवंड्यानें मातीवर विटांचे तुकडे पसरून काँक्रीट ओतलें, व त्याचें वरचें टोंक कोब्यावर चार बोटें चढवून कागदासारखें पातळ केलें. दिसण्यांत तें फार सुबक दिसलें. पहिल्याच पावसाळ्यांत तो पापुद्रा उडाला, उतरण खचली व जोडावर तीन बोटांची पायरी पडली. पुढें सोयाबीनचीं पोतीं भरलेली ट्रॉली आंत घेतांना चाक त्या पायरीस अडकलें, ट्रॉली कलली, आणि शेजारीं उभा असलेला आमचा गडी केवळ दैवानें वांचला.

दुसरे खेपेस आम्हीं क्रम बदलला. महसूल खात्यांत आमची उभी हयात कारकुनींत गेली. तेथें मोजणीचे आधीं हद्दीचे दगड शोधावे लागतात. त्याच न्यायानें प्रथम कड तपासली. हातोडीनें ठोकीत जातां जेथें बद्द आवाज आला, तेथें कोबा खालून पोकळ निघाला. पत्र्याची पागोळी पडून भराव वाहून गेला होता. दोरी धरून सैल भाग कटर मशीननें सरळ रेषेंत कापविला, पोकळी काँक्रीटनें ठासून भरली व कड ओळंब्यांत उभी केली. (कापतांना उडणारी धूळ छातीस फार घातक; नाकातोंडास मास्क व डोळ्यांस चष्मा अवश्य असावा.)

कडेसमोर काळी माती होती. ती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. तिजवर काँक्रीट स्वस्थ बसत नाहीं. ती दोन फूट काढून मुरूम भरला, सहा सहा इंचांचे थर देऊन व प्रत्येक थर पाणी शिंपडून धुमसानें ठोकून. उतरणीचे खालचे टोंकासही सहा इंच खोल चर घेतला, म्हणजे तेथेंही काँक्रीट पातळ पडत नाहीं.

आतां मतभेदाचा मुद्दा. गवंडी म्हणतात, कडेस टाचे मारून सिमेंटचें दाट पाणी लावावें, म्हणजे नवें जुन्यास चिकटेल. कोब्यावर दुसरा थर द्यावयाचा असेल तर हें योग्यच आहे. परंतु शेडचा कोबा जोत्याचे आंत व उतरण बाहेर मुरुमावर. दोन्हीं एकसारखीं हलत नाहींत. चिकटविलीं तर जोड वेडावांकडा फुटतो व जुनी कडही ओढून नेतो. म्हणून आम्हीं मध्यें अर्धा इंच जाडीची डांबरी फळी उभी ठेविली. पायरी पडूं नये यासाठीं कोब्याचे जाडीच्या मध्यावर १२ मिलिमीटरच्या गुळगुळीत सळया दीड दीड फुटावर बसविल्या, व बाहेरील अर्ध्या भागास ग्रीस चोपडलें. अशी सळई काँक्रीटला आडवें सरकूं देते, वरखालीं होऊं देत नाहीं. कोबा चार इंचांहून पातळ असल्यास सळयांचे भरीस पडूं नये. भोंक पाडतांनाच कड फुटते.

मग काँक्रीट ओतलें : सिमेंट एक, वाळू दीड, खडी तीन; जाडी सर्वत्र सहा इंच. माथा कोब्याहून पाव इंच खालीं ठेविला, म्हणजे पाणी शेडमध्यें शिरत नाहीं. खराट्यानें आडवे ओरखडे काढले, दहा दिवस गोणपाट ओलें ठेविलें व अठ्ठावीस दिवस ट्रॅक्टर बाहेरच उभा केला. चिरंजीवांस हें शेवटलें मुळींच रुचलें नाहीं.

त्यावरून आतां दोन पावसाळे गेले आहेत. फळीवरील डांबर एके ठिकाणीं सुटलें आहे, तें उन्हाळ्यांत भरून घ्यावयाचें आहे.