उभ्या गाडीचा विमा

कल्याण-शीळ रस्त्याने जाताना ‘प्रीमियर कॉलनी’ हे नाव आजही कानावर पडतं. आजूबाजूला टॉवर उभे राहिले, रस्ता रुंद झाला, पण नाव टिकून राहिलं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिचा मुख्य कारखाना कुर्ल्याला होता. कल्याणचा कारखाना धाकटा, तरी नव्वदच्या दशकात पूजो ३०९ तयार होत होती ती इथेच. कुर्ल्यात बनलेली प्रीमियरची फियाट मात्र ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांत पोचली. १९५४ ची गोल पाठीची ‘डुक्कर फियाट’, १९६४ ची ११०० डिलाइट, १९७२ ची प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर असलेली ही गाडी या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनत राहिली. मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा वीस वर्षांचा कायदेशीर काळ ऑक्टोबर २०२३ अखेर संपला आणि पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली.

घरच्या पद्मिनी मात्र उरल्या आहेत. नौपाड्यात, डोंबिवलीच्या रामनगरात, कल्याणच्या जुन्या सोसायट्यांच्या आवारात कव्हराखाली झाकून ठेवलेल्या. वडिलांनी घेतलेली गाडी भंगारात द्यायला मन होत नाही म्हणून राखलेल्या. आता पुढची पिढी त्या उघडायला लागली आहे. मेस्त्री शोधला जातो, पत्र्याचं काम कोण चांगलं करतं याची चौकशी होते, रंग कोणता द्यायचा यावर घरात वाद रंगतात. विम्याचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं: गाडी चालवायचीच नाही तर विमा कशाला?

या उत्तरामुळे खूप नुकसान होतं, म्हणूनच हा लेख. चालत्या गाडीला अपघाताचा धोका असतो. उभ्या, त्यातही खोलून ठेवलेल्या गाडीला पाणी, आग, चोरी आणि कागदपत्रांतली फट या चारही बाजूंनी धोका असतो, आणि तिच्यावर खर्च होत असतो तोही नेमका त्याच काळात.

कायद्याची बाजू सरळ आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरायची तर त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा, म्हणजे थर्ड पार्टी, हवाच. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ज्या जागी लोकांना जाण्याचा हक्क आहे ती जागा सार्वजनिक, अशी व्याख्या त्याच कायद्यात आहे. स्वतःच्या बंद गॅरेजमध्ये जॅकवर चढवलेल्या गाडीला या कलमाचा धाक नाही. पण आपल्याकडे बंद गॅरेज किती जणांकडे असतं? गाडी सोसायटीच्या गेटबाहेर रस्त्याच्या कडेला उभी असते, नाहीतर मेस्त्रीच्या शेडसमोर फुटपाथवर. तिथे कलम १४६ लागू होतं, इंजिन गाडीत असो वा नसो, असं धरून चालणंच शहाणपणाचं.

थर्ड पार्टी विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. आपल्या गाडीसाठी ‘ओन डॅमेज’ लागतं, आणि जुन्या गाडीच्या मालकाची खरी अडचण तिथून सुरू होते.

आधी धोके पाहू, कारण आपल्या भागात ते काल्पनिक नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच वेळी उल्हास आणि वालधुनी नद्यांचं पाणी कल्याण, उल्हासनगर, बदलापूरच्या वस्त्यांत शिरलं. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली ती याच उल्हासच्या खोऱ्यात. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये आणि २३ मे २०२४ ला अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाले. दोन्ही वेळा माणसं गेली, आणि लांबवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. याच एमआयडीसीच्या आसपास आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गाड्या दुरुस्त करणाऱ्या शेड आहेत. पूर आणि स्फोट हे दोन्ही धोके खासगी गाडीच्या पॅकेज पॉलिसीत, म्हणजे थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र असलेल्या पॉलिसीत, धरलेले असतात, तसंच आग, चोरी आणि भूकंपही. म्हणजे पॉलिसी कामाची आहे. प्रश्न आहे तो तिच्या पोटातल्या शब्दांचा.

त्यातले काही शब्द मालकाने वाचलेच पाहिजेत. गाडीचं आणि तिच्या साहित्याचं नुकसान भरून मिळेल, पण साहित्य गाडीवर बसवलेलं असताना. चालत्या गाडीला याने काही फरक पडत नाही. दुरुस्तीला काढलेल्या गाडीसाठी मात्र हीच सगळ्यात मोठी फट आहे. अशा गाडीचा माग काढून बघा. सांगाडा मेस्त्रीच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर. फ्लोअरचा सडलेला पत्रा कापून काढलेला, चारही दरवाजे भिंतीला टेकवलेले, त्यांच्या आत खडूने डावा-उजवा लिहिलेलं. इंजिनचं हेड मशीन शॉपमध्ये. बंपर आणि लोखंडी जाळी क्रोमवाल्याकडे. सीट शिवायला दिलेल्या. मीटर, दिवे, कडांच्या पट्ट्या घरात पलंगाखाली खोक्यांत, कारण तेवढ्या वस्तू मालक कोणाच्या हवाली करत नाही. आता क्रोमवाल्याकडे चोरी झाली तर ते बंपर त्या वेळी ‘गाडीवर’ होते का? नव्हते. विमा कंपनी नाही म्हणेल, आणि पॉलिसीच्या शब्दांवर बोट ठेवून म्हणेल. पद्मिनीचा मूळ बंपर आता नवा मिळत नाही. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात फिरून एखादा सापडला तरी त्याचा भाव विकणारा ठरवेल तो.

म्हणून गाडी ज्याच्या ताब्यात जाते त्याच्याकडेही कागद हवा. दुरुस्तीला दिलेली वस्तू राखण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते, हे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ मध्येच आहे. साधारण समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेतो, तितकी त्याने घ्यावी, असं ते कलम सांगतं. पण काय दिलं होतं हेच सिद्ध करता आलं नाही तर कलम काय करणार? प्रत्येक ठिकाणी देताना वस्तूंची यादी, तारीख, सही आणि फोटो घ्यायला हवेत. मोठ्या गॅरेजकडे ‘मोटर ट्रेड’ची पॉलिसी असू शकते, तिच्यात आवारातल्या ग्राहकांच्या गाड्या येतात. छोट्या शेडकडे ती क्वचित असते. विचारायला संकोच वाटतो, कारण मेस्त्रीशी नातं विश्वासाचं असतं. विचारावंच, आणि त्याच्याकडे नसेल तर तिचा हप्ता आपल्या बिलात धरून त्याला ती काढायला लावावी. अनेक मेस्त्र्यांना अशी पॉलिसी असते हेही कुणी सांगितलेलं नसतं. त्यात त्यांचंही भलं आहे.

आता किमतीकडे येऊ. विमा कंपनी गाडीची ‘आयडीव्ही’, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, ठरवते. नवी गाडी सहा महिन्यांत पाच टक्क्यांनी उतरते, चार ते पाच वर्षांत पन्नास टक्क्यांनी. पाच वर्षांनंतरच्या आणि बंद झालेल्या मॉडेलच्या गाडीला हे घसाऱ्याचं कोष्टक लागत नाही, कंपनी आणि मालक यांनी मिळून किंमत ठरवायची असते. प्रत्यक्षात काय होतं? ऑनलाइन फॉर्म भरला की संगणक एक क्षुल्लक आकडा दाखवतो, आपण हप्ता कमी आला म्हणून खूश होतो आणि पैसे भरतो. समजा आयडीव्ही ६०,००० रुपये लागली. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘पूर्ण नुकसान’ धरली जाते. म्हणजे ४५,००० च्या वर. पुराचं पाणी सीटपर्यंत आलं तर वायरिंग, कुशन, ब्रेक आणि रंग मिळून हा आकडा सहज ओलांडतो. मग कंपनी ६०,००० देऊन मोकळी होते आणि मालकाने तीन वर्षं गुंतवलेले लाखो रुपये पाण्यात जातात. पूर्ण नुकसान नाही असं ठरलं तरी दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या सुट्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापला जातो, रबर आणि बॅटरीवरही पन्नास टक्के.

यावर उपाय आहे ‘ॲग्रीड व्हॅल्यू’चा. आधी ठरलेली रक्कम, घसारा न कापता. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाडीच्या विम्याच्या दरांच्या आणि अटींच्या पुस्तकात, ही सोय आहे, पण फक्त व्हिंटेज गाड्यांसाठी. आणि त्या टॅरिफच्या मते व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली गाडी. अशा गाडीला ओन डॅमेजच्या हप्त्यात २५ टक्के सवलतही आहे. ओन डॅमेजचे दर जानेवारी २००७ मध्ये खुले झाले, पण पॉलिसीची भाषा त्या टॅरिफचीच चालत राहिली.

इकडे रस्ते वाहतूक मंत्रालयाने १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी सुरू केली. तिथे अट आहे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण होण्याची. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला गाडी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांसाठी काढता येते. जून २०२२ पासूनच्या थर्ड पार्टी दरांत व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी गाडीला पन्नास टक्के सूट आहे. म्हणजे १,००० ते १,५०० सीसीच्या गटातल्या पद्मिनीला ३,४१६ ऐवजी १,७०८ रुपये.

व्हिंटेजच्या या दोन व्याख्यांमध्ये आपली पद्मिनी अडकली आहे. १९७४ मध्ये नोंदलेली पद्मिनी २०२४ मध्ये पन्नास वर्षांची झाली. परिवहन खात्याच्या लेखी ती व्हिंटेज होऊ शकते, थर्ड पार्टीच्या हप्त्यातही ती व्हिंटेज ठरते, पण ॲग्रीड व्हॅल्यूचा प्रश्न आला की जुनं टॅरिफ १९४० वर बोट ठेवतं. १९४० पूर्वीच्या गाड्या संस्थानिकांच्या आणि कारखानदारांच्या होत्या. फियाट मध्यमवर्गाची. लालबहादूर शास्त्रींनी १९६४ मध्ये बँकेचं कर्ज काढून घेतली ती फियाटच. मध्यमवर्गाच्या गाडीचं मोल मान्य करायला विम्याच्या पुस्तकात जागाच ठेवलेली नाही, हे मला मनापासून टोचतं.

तरीही एक वाट आहे. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही परस्पर संमतीने ठरते, आणि एकदा ठरली की पॉलिसीच्या काळात पूर्ण नुकसानीसाठी तीच बाजारभाव मानली जाते. म्हणून ऑनलाइन न जाता शाखेत जावं. परवानाधारक सर्व्हेअरकडून मूल्यांकनाचा अहवाल घ्यावा, दुरुस्तीची बिलं जोडावीत, दर टप्प्याचे फोटो द्यावेत, आणि काम पुढे सरकेल तशी दर नूतनीकरणाला आयडीव्ही वाढवून मागावी. अधिकारी कंटाळतील, दोनदा परत पाठवतील. चिकाटी सोडू नये.

गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर टॅरिफच्या एन्डॉर्समेंट ११, म्हणजे पॉलिसीला जोडायच्या पुरवणी कलमाखाली ‘लेड-अप’ची सोय आहे. गाडी गॅरेजमध्ये उभी आहे असं लेखी कळवलं की त्या काळापुरती आग, स्फोट, चोरी, दंगल, वादळ, पूर, भूकंप एवढ्या धोक्यांचीच जबाबदारी कंपनीकडे राहते, आणि वाचलेल्या हप्त्याचा फायदा पुढच्या नूतनीकरणात किंवा वाढवलेल्या मुदतीत मिळतो. या काळात वाहतुकीचं संरक्षणही थांबतं हे विसरू नये. शेडमधून रंगवाल्याकडे गाडी टेम्पोवर चढवून न्यायची असेल, तर आधी कंपनीला कळवून पूर्ण पॉलिसी पुन्हा चालू करून घ्यावी. आणि सगळ्यात आधी एक काम: गाडी खोलण्यापूर्वी पॉलिसी चालू असावी. खंड पडला की कंपनी तपासणी मागते, आणि दरवाजे भिंतीला टेकवलेल्या गाडीची तपासणी कोण मंजूर करणार?

आरसीचंही तसंच. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारसाठी हे शुल्क १०,००० रुपये झालं आहे. एवढे पैसे उभ्या गाडीवर घालायला जिवावर येतं, मान्य. पण सप्टेंबर २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा युनायटेड इंडिया इन्शुरन्सच्या बाजूचा निकाल लक्षात ठेवावा. तात्पुरती नोंदणी संपलेली एक गाडी जोधपूरला रात्री उभी असताना चोरीला गेली. वैध नोंदणी नसणं हा पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असं म्हणत न्यायालयाने भरपाई नाकारली. गाडी तेव्हा चालत नव्हती, तरीही.

इंग्लंडमध्ये गाडी रस्त्याबाहेर ठेवायची तर सरकारला तसं जाहीर करता येतं, त्याला ‘सॉर्न’ म्हणतात. तशा गाडीसाठी तिथे खास लेड-अप पॉलिसी मिळतात, त्यांतल्या काहींत खोलून ठेवलेले भागही येतात, आणि जुन्या गाड्यांना ठरलेली किंमत मिळणं नेहमीचं आहे. आपल्याकडे हे अशक्य नाही. जून २०२२ पासून विमा नियामकाने सर्वसाधारण विम्यातली बहुतेक उत्पादनं आधी मंजुरी न घेता बाजारात आणण्याची मुभा कंपन्यांना दिली आहे. ‘व्हीए’ नोंदणी असलेल्या गाडीला ॲग्रीड व्हॅल्यू द्यावी, आणि दुरुस्तीच्या काळात यादीत नोंदवलेले सुटे भाग ते ज्या पत्त्यावर ठेवले आहेत तिथेही संरक्षित धरावेत. एवढ्या दोन ओळींचं एन्डॉर्समेंट एखाद्या कंपनीने काढलं तरी ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या शेडमध्ये ठोकळ्यांवर चढलेल्या गाड्यांचे मालक तिच्या शाखेत रांग लावतील. मागणी एकेकट्याने करून ऐकली जाणार नाही. मालकांनी आपापल्या गाडीचं नोंदणीचं वर्ष, मूल्यांकनाचा अहवाल आणि मिळालेली आयडीव्ही एकत्र करून वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब या दोघांमार्फत ही मागणी जनरल इन्शुरन्स कौन्सिलकडे न्यावी.